मेनफ्रेम पासथ्रू ड्रायव्हर: हॉल्ट, क्लिअर आणि इंटरप्ट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सच्या एस३९० (आयबीएम मेनफ्रेम) शाखेतल्या, खरं डिव्हाइस व्हर्च्युअल मशीनला सोपवणाऱ्या व्हीएफआयओ-सीसीडब्ल्यू ड्रायव्हरबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने या कोडकडे वळलेल्यांचे आहेत. पुढचे प्रश्न ज्यांच्या गेस्टमध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) डिस्क अडकून बसली आहे त्यांचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता यावं असं लिहिलं आहे आणि एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा पासथ्रू ड्रायव्हर नेमकं करतो काय?

मेनफ्रेमवर डिस्क किंवा टेपशी सीपीयू थेट बोलत नाही. तो चॅनेल प्रोग्राम तयार करतो, म्हणजे ८-८ बाइटच्या चॅनेल कमांड वर्डची साखळी, आणि ती सबचॅनेलकडे, म्हणजे त्या डिव्हाइसच्या हार्डवेअरमधल्या प्रतिनिधीकडे, सोपवतो. पुढचं काम चॅनेल सबसिस्टिम बघते. गेस्टने असा प्रोग्राम लिहिला की त्यातले पत्ते गेस्टच्या मेमरीतले असतात आणि खऱ्या हार्डवेअरला ते चालत नाहीत. म्हणून ड्रायव्हर तो प्रोग्राम उचलतो, त्याची प्रत करतो, लागणारी पानं मेमरीत पिन करतो (जागेवरून हलू देत नाही), पत्ते बदलतो आणि मग खऱ्या सबचॅनेलवर स्टार्ट करतो. काम झालं की निकाल गेस्टला समजेल अशा रूपात परत देतो.

लिनक्स ४.१२ मध्ये, म्हणजे २०१७ साली, हा ड्रायव्हर आला तेव्हा त्याला फक्त स्टार्ट येत होतं. हॉल्ट आणि क्लिअर ५.२ मध्ये, २०१९ साली आले.

२. हॉल्ट आणि क्लिअरमध्ये फरक काय? दोन्ही काम थांबवतातच ना?

थांबवतात, पण मागे काय उरतं ते वेगळं असतं. हॉल्ट सबचॅनेल चालू काम आटोपतं घ्यायला लावतं. सबचॅनेलच्या स्टेटस वर्डमध्ये स्टार्टची खूण राहते, तिच्या शेजारी हॉल्टची खूण लागते, आणि काम कुठपर्यंत पोचलं होतं याचा काही माग निकालात मिळू शकतो.

क्लिअर सबचॅनेल सगळं पुसून टाकतं. स्टार्ट आणि हॉल्टच्या खुणा जातात, फक्त क्लिअरची राहते. येणाऱ्या इंटरप्टमध्ये (हार्डवेअरने सीपीयूला दिलेल्या हाकेत) स्टेटस पेंडिंग, म्हणजे ‘निकाल उचलायचा बाकी आहे’, एवढंच असतं, डिव्हाइसची काही हकिगत नसते. क्लिअर नाकारलं जाण्याची शक्यताही कमी असते (सूचनेला हार्डवेअर लगेच देतं त्या उत्तरासाठी, म्हणजे कंडिशन कोडसाठी, प्रश्न ५ पाहा). म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सहसा आधी सौम्य उपाय करून बघते आणि क्लिअर शेवटी वापरते.

३. स्टार्टसुद्धा असिंक्रोनसच असतं. मग फक्त हॉल्ट आणि क्लिअरलाच ‘असिंक्रोनस’ का म्हणतात?

शंका अगदी रास्त आहे. हार्डवेअरच्या दृष्टीने तिन्ही सारखीच आहेत: सूचना लगेच परतते, कंडिशन कोड ० म्हणजे ‘विनंती स्वीकारली’ एवढाच, आणि खरा निकाल पुढे इंटरप्टने येतो.

ड्रायव्हरच्या बोलीत मात्र ‘असिंक्रोनस’चा रोख वेगळा आहे. एक स्टार्ट चालू असताना दुसरं स्टार्ट देता येत नाही. हॉल्ट आणि क्लिअर तर मुळात चालू स्टार्टच्या मध्येच द्यायचे असतात. म्हणजे स्टार्टच्या ‘विनंती द्या, निकालाची वाट पाहा, मग पुढची विनंती’ या क्रमाबाहेर ही दोन कामं येतात. हा एकच मुद्दा मनात पक्का ठेवलात तर पुढचा बराचसा कोड आपोआप उलगडतो: सूचना स्वीकारली जाणं, काम संपणं आणि ते संपल्याची बातमी पोचणं या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये कधीही दुसरं काही घुसू शकतं. या ड्रायव्हरमधल्या कठीण बगांच्या मुळाशी यांतल्या दोन घटना एकच धरलेल्या आढळतात.

४. त्यासाठी वेगळा रीजन कशाला? आय-ओ रीजनमध्येच सोय का केली नाही?

रीजन म्हणजे ड्रायव्हर आणि त्याच्या वरचा प्रोग्राम यांनी एकमेकांसाठी वाचायची-लिहायची ठरलेली जागा. मूळ आय-ओ रीजनमध्ये चार गोष्टी आहेत: गेस्टचा ऑपरेशन रिक्वेस्ट ब्लॉक (१२ बाइट), सबचॅनेल स्टेटस वर्ड (१२ बाइट), निकालाचा इंटरप्शन रिस्पॉन्स ब्लॉक, म्हणजे आयआरबी (९६ बाइट), आणि शेवटी ४ बाइटचा रिटर्न कोड. त्यात स्टेटस वर्ड असल्यामुळे हॉल्टची खूण तिथेच लावून पाठवावी असं वाटणं साहजिक आहे. पण तसं पाठवलंत तर ड्रायव्हर ‘ही क्रिया इथे चालत नाही’ असं सांगून परत पाठवतो.

आय-ओ रीजन एका चालू विनंतीभोवती रचलेला आहे. तिचा निकाल यायचा बाकी असतानाच त्यावर दुसरी विनंती लिहिणं म्हणजे आपणच आपला हिशोब खोडणं. म्हणून असिंक्रोनस कमांडसाठी ८ बाइटचा छोटा रीजन केला: ४ बाइट कमांड, ४ बाइट रिटर्न कोड. हॉल्टसाठी एक बिट, क्लिअरसाठी एक बिट. निकालाला इथे जागा ठेवलेली नाही, कारण हॉल्ट किंवा क्लिअरचा निकालसुद्धा इंटरप्ट म्हणूनच येतो आणि आय-ओ रीजनमधल्या आयआरबीतच वाचायचा असतो. नवी मंडळी इथे नेहमी अडखळतात. असिंक रीजन वाचून ‘हॉल्ट पूर्ण झाला का’ हे कधीच कळणार नाही.

५. रिटर्न कोड आणि कंडिशन कोड यांचा मेळ कसा बसतो?

हॉल्टसाठी: कोड ० म्हणजे स्वीकारलं, रिटर्न कोड शून्य. कोड १ (आधीचं स्टेटस उचलायचं बाकी आहे) आणि कोड २ (हॉल्ट किंवा क्लिअर आधीच चालू आहे) या दोन्हींना ‘ईबिझी’ (व्यस्त). कोड ३ म्हणजे डिव्हाइस उपलब्ध नाही, त्याला ‘ईनोडेव्ह’. क्लिअरला फक्त ० आणि ३ येतात.

इथे एक माहिती हरवते हे लक्षात घ्या. १ आणि २ दोन्ही ‘ईबिझी’ झाले की वरचा क्यूईमू (गेस्ट चालवणारा प्रोग्राम) त्यांना वेगळं ओळखू शकत नाही आणि गेस्टला २ सांगतो. बहुतेक वेळा हे चालून जातं, कारण गेस्टला दिसणाऱ्या आभासी सबचॅनेलवर स्टेटस पेंडिंग असेल तर क्यूईमू स्वतःच १ देतो आणि विनंती होस्टपर्यंत (खऱ्या मशीनवरच्या लिनक्सपर्यंत) येतच नाही. होस्टवर स्टेटस आलं आहे पण गेस्टपर्यंत पोचलेलं नाही, एवढ्या फटीतच हा फरक जाणवतो.

आणखी एक बारकावा क्यूईमूच्या बाजूला आहे. होस्टला विचारण्याआधी तो आभासी स्टेटस वर्डमध्ये हॉल्टची किंवा क्लिअरची खूण लावून ठेवतो. होस्टने नकार दिला तर ती खूण मागे घेणं बंधनकारक आहे, कारण आर्किटेक्चरनुसार कोड ० असेल तरच हे बिट बदलायचे असतात. ती मागे घेतली नाही तर कधीही न येणाऱ्या इंटरप्टची वाट बघत गेस्ट बसून राहतो. क्यूईमूमध्ये ही दुरुस्ती नंतर करावी लागली. स्वतःचा व्हर्च्युअल मशीन मॉनिटर लिहीत असाल तर ती पहिल्याच दिवशी करा.

६. ड्रायव्हर कोणत्या अवस्थेत असताना हॉल्ट/क्लिअर चालतं?

अवस्था पाच आहेत. नॉट-ऑपर म्हणजे डिव्हाइस गेलं. स्टँडबाय म्हणजे अजून कोणी उघडलेलं नाही. आयडल म्हणजे कामाला तयार. सीपी-प्रोसेसिंग म्हणजे चॅनेल प्रोग्रामची प्रत आणि पत्तेबदल चालू आहे. सीपी-पेंडिंग म्हणजे हार्डवेअरने स्टार्ट स्वीकारलं, निकाल यायचा आहे.

असिंक्रोनस विनंती आयडल आणि सीपी-पेंडिंगमध्ये चालते. सीपी-प्रोसेसिंगमध्ये ‘ईअगेन’ (पुन्हा प्रयत्न करा) मिळतो, कारण थांबवायला हार्डवेअरवर अजून काही गेलेलंच नसतं. पहिल्या दोन अवस्थांमध्ये विनंती अपयशीच ठरते.

हीच तुलना स्टार्टसाठी केलीत तर फरक डोळ्यांत भरतो: सीपी-पेंडिंगमध्ये नव्या स्टार्टला ‘ईबिझी’ मिळतो, हॉल्टला मात्र वाट मोकळी असते. आयडलमध्ये हॉल्ट का चालू द्यायचा असंही विचारलं जातं. गेस्टला तसं करायची आर्किटेक्चर मुभा देतं, आणि ड्रायव्हरने आर्किटेक्चरपेक्षा कडक होऊ नये.

७. ‘ईअगेन’ आला तर काय करायचं? किती वेळा प्रयत्न करायचा?

पुन्हा लिहायचं. ‘ईअगेन’ दोन ठिकाणांहून येतो: वर सांगितलेल्या अवस्थेमुळे, किंवा रीजनचं म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) दुसऱ्या थ्रेडकडे असल्यामुळे. ड्रायव्हर म्युटेक्ससाठी ताटकळत नाही, मिळालं नाही तर लगेच परत फिरतो. दोन्ही कारणं थोड्या वेळाची असतात. क्यूईमू ‘ईअगेन’ आला की सरळ पुन्हा लिहितो, मोजत बसत नाही. ‘ईअगेन’ गेस्टपर्यंत जाऊ देऊ नका, कारण त्याच्याशी जुळणारा कंडिशन कोडच नाही.

८. डिव्हाइसचा इंटरप्ट गेस्टपर्यंत कोणत्या वाटेने पोचतो?

होस्टच्या कॉमन आय-ओ थराला इंटरप्ट येतो. तोच टेस्ट सबचॅनेल (निकाल उचलून घेणारी सूचना) करून आयआरबी त्या सीपीयूपुरत्या जागेत उतरवतो आणि ड्रायव्हरला हाक देतो. ड्रायव्हर इथे मोजकंच करतो: आयआरबीची प्रत आपल्याकडे घेतो आणि बाकीचं काम वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकतो. पानं अनपिन करणं, म्युटेक्स घेणं वगैरे कामं इंटरप्ट संदर्भात करता येत नाहीत, म्हणून हा टप्पा.

वर्कक्यूवरचं काम आयआरबीतला चॅनेल प्रोग्रामचा पत्ता होस्टच्या प्रतीवरून गेस्टच्या मूळ पत्त्यात फिरवतं, गरज असेल तर प्रोग्राम मोकळा करतं, आयआरबी रीजनमध्ये लिहितं आणि इव्हेंटएफडी (क्यूईमूला जागं करणारी घंटा) वाजवतं. क्यूईमू जागा होतो, रीजन वाचतो, आभासी सबचॅनेल भरतो आणि गेस्टला त्याच्या स्वतःच्या इंटरप्ट पॅरामीटरसह इंटरप्ट देतो.

नीट पाहिलंत तर होस्टच्या टेस्ट सबचॅनेलनंतर खरं सबचॅनेल रिकामं झालेलं असतं. गेस्टला मात्र ते अजून व्यस्त दिसत असतं. पुढच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे.

९. शेवटचा इंटरप्ट आला की चॅनेल प्रोग्राम मोकळा करून आयडलमध्ये जायचं, एवढंच ना?

एवढंच नाही. फक्त स्टार्ट असतं तर हा नियम पुरला असता. हॉल्ट आणि क्लिअर आल्यावर ‘शेवटचा इंटरप्ट’ कोणाचा हे विचारावं लागतं.

जवळून पाहू. पहिल्या सीपीयूवर क्लिअर दिलं जातं आणि त्याचा इंटरप्ट येतो. आयआरबीची प्रत झाली, काम वर्कक्यूवर पडलं, पण अजून चाललेलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर नवं स्टार्ट सुरू होतं. अवस्था सीपी-प्रोसेसिंग होते, नव्या प्रोग्रामसाठी मेमरी घेतली जाते, पानं पिन होऊ लागतात. आता पहिल्या सीपीयूवर रांगेतलं काम धावतं. त्याच्या हातातल्या आयआरबीत सबचॅनेल किंवा डिव्हाइस सक्रिय असल्याचे बिट नाहीत, म्हणजे ‘शेवटचा’ इंटरप्ट. भोळा कोड इथे प्रोग्राम मोकळा करतो. पण हातात असलेला प्रोग्राम आता नवा आहे! एक थ्रेड तो बांधतोय, दुसरा तोच मोडतोय. निष्पत्ती: मेमरी करप्शन.

समजा प्रोग्राम वाचला पण अवस्था मात्र बिनशर्त आयडल केली. मग दुसरा थ्रेड खऱ्या सबचॅनेलवर स्टार्ट द्यायच्या बेतात असताना अवस्था सांगते, ‘काही चालू नाही’. इथून पुढे प्रोग्राम आणि अवस्था एकमेकांशी जुळत नाहीत आणि चूक भलत्याच जागी, भलत्याच वेळी वर येते.

म्हणून आजच्या कोडमध्ये अटी एकावर एक आहेत. इंटरप्ट आपण मागितलेल्या कामाचा असला पाहिजे (प्रश्न १०), तो शेवटचा असला पाहिजे, आणि अवस्था सीपी-पेंडिंग असली पाहिजे. तिन्ही जुळले तरच प्रोग्राम मोकळा होतो आणि अवस्था आयडल होते. बाकी सर्व इंटरप्टमध्ये आयआरबी पुढे पोचवायचा, अवस्थेला हात लावायचा नाही. सीपी-पेंडिंगचीच अट का? प्रोग्राम बांधून झाला आहे आणि तो बांधणारा कोणताही थ्रेड या क्षणी आत नाही, हे खात्रीने सांगणारी ती एकमेव अवस्था आहे.

चालू स्टार्टवरच क्लिअर दिलं असेल तर? तेव्हा अवस्था सीपी-पेंडिंगच असते, क्लिअरचा इंटरप्ट आला की तिन्ही अटी पुऱ्या होतात आणि प्रोग्राम योग्यच मोकळा होतो. स्टार्टसाठी वेगळा इंटरप्ट येत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहिलीत तर पानं कायमची पिन राहतील. हॉल्टचंही तसंच: स्टार्ट आणि हॉल्ट दोन्हींच्या खुणा एकाच आयआरबीत येतात.

१०. अनसॉलिसिटेड इंटरप्ट कसा ओळखायचा आणि त्याचं काय करायचं?

कोणी काही मागितलेलं नसताना डिव्हाइस स्वतःहून कळवतं तो. टेप ड्राइव्ह तयार झाला ही ठरलेली उदाहरणातली घटना. स्टेटस कंट्रोलमध्ये अलर्ट आणि स्टेटस पेंडिंग हे दोनच बिट असतील आणि डिफर्ड (निकालासोबत उशिरा येणारा) कंडिशन कोड शून्य असेल तर इंटरप्ट अनसॉलिसिटेड मानला जातो. क्लिअरच्या इंटरप्टमध्ये अलर्ट बिट नसतो, म्हणून तो यात गणला जात नाही.

करायचं एवढंच की गेस्टला जसाच्या तसा पोचवायचा. त्यातला चॅनेल प्रोग्रामचा पत्ता फिरवायला जायचं नाही, कारण त्याचा चालू प्रोग्रामशी संबंध नाही.

११. दोन इंटरप्ट पाठोपाठ आले तर एखादा हरवतो का?

हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा. आयआरबी ठेवायला ड्रायव्हरकडे एकच जागा आहे, रीजनमध्येही एकच. रांगेत आधीच असलेलं काम पुन्हा टाकलं तर ते दोनदा धावत नाही. इव्हेंटएफडी तर मोजणी ठेवतो: दोनदा वाजला आणि क्यूईमूने एकदा वाचला की मोजणी शून्य. म्हणजे पहिला निकाल वाचण्याआधी दुसरा आला तर पहिल्याची सविस्तर माहिती पुसली जाते.

व्यवहारात हे क्वचितच घडतं, कारण सबचॅनेलला एका वेळी एकच काम असतं आणि गेस्ट निकाल उचलल्याशिवाय पुढचं काम देत नाही. मधल्या टप्प्याचा निकाल आणि लगेच मागून शेवटचा निकाल आला, तर शेवटचा हाती राहणं बहुधा पुरतं. तरीही वरच्या थरात कोड लिहिताना इव्हेंटएफडीचा आकडा ‘इतके इंटरप्ट आले’ असा वाचू नका. ‘काहीतरी आलं आहे, रीजन वाच’ एवढाच त्याचा अर्थ, आणि रीजन लगेच वाचायचा.

१२. जुन्या कर्नलवर असिंक रीजनच नसेल तर गेस्टचा हॉल्ट कुठे जातो?

क्यूईमूमध्ये खोटा हॉल्ट किंवा खोटा क्लिअर होतो. आभासी सबचॅनेलवर खुणा बदलतात, गेस्टला इंटरप्ट मिळतो, आणि खऱ्या डिव्हाइसला याचा पत्ताही नसतो. ते आपलं काम करतच राहतं.

हे धोकादायक आहे. क्लिअर झालं असं समजून गेस्ट तोच बफर दुसऱ्या कामाला घेतो आणि डिव्हाइस मागच्या वाचनाचा डेटा त्यात ओतत असतं. पानं पिन असल्यामुळे होस्ट सुरक्षित राहतो, पण गेस्टचा डेटा बिघडू शकतो. पुढचं स्टार्टही ‘ईबिझी’ होऊन परत येतं, कारण ड्रायव्हरच्या लेखी आधीचं काम अजून संपलेलंच नसतं. होस्टवर ५.२ किंवा नवा कर्नल आणि क्यूईमू ४.१ किंवा नवा असल्याशिवाय महत्त्वाची डिस्क पासथ्रू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

१३. क्लिअर चालू असतानाच गेस्ट बंद केला तर?

ड्रायव्हर सबचॅनेल शांत करायला घेतो. आधी ते डिसेबल करून बघतो. ‘ईबिझी’ आलं तर कॅन्सल, मग हॉल्ट, मग क्लिअर अशा चढत्या क्रमाने प्रयत्न करतो, प्रत्येक फेरीत इंटरप्टसाठी ३ सेकंदांपर्यंत थांबतो, वर्कक्यू रिकामी करतो आणि पुन्हा डिसेबल करून बघतो. काहीच लागू पडलं नाही तर त्रुटी नोंदवून बाहेर पडतो, नाहीतर हे चक्र कायम फिरत राहिलं असतं.

थांबताना आणि वर्कक्यू रिकामी करताना सबचॅनेलचा स्पिनलॉक सोडलेला असतो. तो धरून ठेवून थांबणं म्हणजे ज्या इंटरप्टची वाट पाहतोय त्यालाच दार बंद करणं. या भागात बदल करणाऱ्याने प्रत्येक वाटेवर लॉकची अवस्था कागदावर लिहून तपासावी.

१४. चॅनेल पाथ (डिव्हाइसपर्यंतची वाट) गेला तर तोही याच इंटरप्टने कळतो का?

नाही. त्यासाठी चॅनेल रिपोर्ट वर्डचा (हार्डवेअरमधले असे बदल कळवणाऱ्या संदेशाचा) वेगळा रीजन आणि वेगळी इंटरप्ट ओळ आहे, दोन्ही ५.८ मध्ये (२०२०) आले. सबचॅनेलचा ताजा माहिती ब्लॉक (५२ बाइट) वाचण्याचा रीजनही तेव्हाचाच. रिपोर्टसाठी मात्र ड्रायव्हर यादी ठेवतो: एक वाचला आणि मागे आणखी असतील तर इव्हेंटएफडी पुन्हा वाजवतो. प्रश्न ११ मधली एकाच जागेची अडचण इथे नाही.

१५. रिझ्यूम, कॅन्सल किंवा ट्रान्सपोर्ट मोड असिंक रीजनमधून देता येईल का?

नाही. या रीजनमध्ये हॉल्ट आणि क्लिअर दोनच कमांड ठरलेल्या आहेत, दुसरं काही लिहिलंत तर ड्रायव्हर ते मान्य करत नाही. प्रश्न १३ मधलं कॅन्सल होस्ट स्वतःसाठी वापरतो, गेस्टच्या वतीने नाही. ट्रान्सपोर्ट मोडचा (चॅनेलला काम देण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा) रिक्वेस्ट ब्लॉक आय-ओ रीजनमधून पाठवला तरी ‘समर्थन नाही’ हेच उत्तर मिळतं, कारण पत्तेबदल करणारा कोड फक्त कमांड मोडच्या साखळ्या ओळखतो.

१६. गेस्टमध्ये डिस्क अडकली आहे. शोध कुठून सुरू करू?

होस्टच्या डीबगएफएसमध्ये एस३९०डीबीएफखाली या ड्रायव्हरच्या दोन नोंदी मिळतात, एक संदेशांची, एक ट्रेसची. शिवाय स्टेट मशीनची घटना, स्टार्टची विनंती, असिंक्रोनस विनंती आणि चॅनेल पाथची घटना यांसाठी ट्रेसपॉइंट आहेत. ते चालू करा आणि एका सबचॅनेलपुरता क्रम लावा.

असिंक्रोनस विनंतीची नोंद दिसतच नसेल तर हॉल्ट होस्टपर्यंत आलेला नाही, प्रश्न १२ पाहा. विनंती दिसते, रिटर्न कोड शून्य आहे, पण मागून इंटरप्टची घटना नाही, तर शोध डिव्हाइस किंवा चॅनेल पाथच्या दिशेने न्या. विनंती आणि इंटरप्ट दोन्ही दिसतात आणि तरी पुढच्या प्रत्येक स्टार्टला ‘ईबिझी’ येतोय, तर अवस्था सीपी-पेंडिंगमध्ये अडकली आहे. त्या इंटरप्टचा स्टेटस वर्ड उघडा, सक्रिय असल्याचे बिट खरोखर शून्य होते का ते पाहा आणि प्रश्न ९ मधल्या तीन अटींपैकी कोणती पुरी झाली नाही ते ठरवा.